वळसा

ब्रेक

आबा न्हाणीघरातल्या दांडीला लोंबकळत होते.

दोन्ही हातांनी दांडी धरलेली, पाय गुडघ्यात मुडपून वर घेतलेले, सगळं अंग तिच्यावर टाकलेलं. दारात देवकाते मॅडम उभ्या होत्या. आश्रम त्याच चालवायच्या. पडलेच तर धरायला म्हणून त्यांनी हात पुढे केला होता, पण पाहुण्याच्या अंगाला हात कसा लावायचा म्हणून तो मध्येच थांबला होता.

"आबा, उतरा," मी म्हणाले.

"गप. भार सोसते का बघू दे."

"मोडली तर?"

"मोडायची तर आत्ता मोडू दे. उद्या कुणी म्हातारं माणूस हिच्या भरवशावर उठणार हाय."

दांडी मोडली नाही. आबा उतरले, तळहात बघितले, शर्टाच्या खिशातून खडूचा तुकडा काढला आणि चौकटीवर बरोबरची खूण केली.

"ब्रेक लागतोय," ते म्हणाले.

"वडील एस.टी.त होते," मी मॅडमना सांगितलं. "कराडच्या वर्कशॉपला. यांनी खडू ओढल्याशिवाय गाडी मार्गावर जायची नाही. सवय गेली नाही अजून."

"असू द्या. येणारे लोक जेवणाचं विचारतात, टीव्हीचं विचारतात. दांडीला लोंबकळणारं आज पहिल्यांदा पाहिलं."

"गादीवर झोपून बघत न्हाईत कुणी?" आबांनी विचारलं.

"नाही हो."

"मग बघतात काय? रंग?"

मॅडम हसल्या. त्यांच्या मागे, व्हरांड्यातल्या बाकावर, आई दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. ती हसली नाही. ती आबांकडे बघत होती.

जागा आईसाठी बघायची होती. तिनंच फोनवर सांगितलं होतं, "शैले, माझ्याच्यानं आता होत न्हाई. मला कुठंतरी आश्रमात ठेवा." मी ठाण्याहून रडत आले. माझ्याकडे चल म्हणाले. इमारतीत लिफ्ट आहे, जिना चढायचा नाही. ती म्हणाली, "येईन की. पण आधी आश्रम बघू. तपासायला आबा येतील."

आबा लगेच तयार झाले. नवा खडू घेतला, टोपी झटकली.

"हिला कुठंबी टाकून चालायचं न्हाई," ते मला म्हणाले. "नीट तपासून मगच."

घंटी

त्याआधीचे दोन आश्रम त्यांनी नापास केले होते.

पहिल्या ठिकाणी प्रत्येक पलंगाशी घंटी होती. तिची दोरी मात्र वर, पंख्याच्या हुकाला गुंडाळून ठेवलेली. म्हाताऱ्या उगाच ओढतात, असं तिथला माणूस म्हणाला. आबांनी विचारलं, "उगाच म्हंजे?" मग दारावर फुली मारली आणि मला म्हणाले, "गाडीत प्रवाशानं घंटी मारली तर ड्रायव्हर विचारतो का, उगाच मारली का खरी? आधी थांबतो. एक घंटी म्हंजे थांब. दोन म्हंजे निघ. त्यात तिसरं काय न्हाई."

इथं त्यांनी एका रिकाम्या पलंगाशेजारची दोरी ओढली. कुठंतरी लांब घंटी वाजली आणि थोड्या वेळात एक बाई धावत आली. हात कोपरापर्यंत पिठाचे.

"कोण पडलं?"

"कुणी न्हाई. घंटी बघत हुतो."

"मग वाजली न्हवं?" तिनं दम खाल्ला. "आलेच हाय तर चा टाकू का? कमी साखरेचा का नीट?"

"नीट."

आई बाकावरून म्हणाली, "कमी साखरेचा."

"ही मुमताज," मॅडम म्हणाल्या. "हिच्या घंटीला दोरी लागत नाही, हिला आपोआप कळतं."

"कळतं कसलं, मॅडम. कान तिखट हायत, सासूच्या कृपेनं."

आबा मोठ्यानं हसले. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "तुमचं नाव काय म्हणालात?"

"देवकाते."

हे त्यांनी गाडीतून उतरल्यावर विचारलं होतं, ऑफिसात विचारलं होतं. मॅडमनी तिन्ही वेळा अगदी पहिल्यांदा सांगावं तसं सांगितलं. मला वाटलं, आबांना ऐकू कमी येतंय.

दार

दुसरा आश्रम दारावर नापास झाला होता. जाळीचं दार, बाहेरून कुलूप, किल्ली ऑफिसात. "आग लागली तर?" आबांनी विचारलं होतं. तिथली बाई म्हणाली, "पण उघडं ठेवलं तर निघून जातात हो माणसं." आबा म्हणाले, "जाणारच की. पाय हायत." आणि फुली. परतताना गाडीत आई हळूच म्हणाली होती, "बरं झालं." आईसाठी जागा मिळाली नाही याचं आईला बरं का वाटावं, मला उमगलं नव्हतं.

इथलं फाटक नुसतं लोटलेलं होतं. बाहेर कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस.

"ह्याला कुलूप न्हाई?"

"दिवसा नसतं," मॅडम म्हणाल्या.

"मग एखादा गेला तर?"

"जातो की. आठवड्याला एकजण तरी जातोच."

"आन् मग?"

"मग त्याच्यामागे आमच्यातलं कुणीतरी जातं."

"तोंडानं सगळेच सांगतात," आबा म्हणाले. "मी जाऊन बघतो." त्यांनी टोपी नीट बसवली, फाटक ढकललं आणि निघाले.

ऊन उतरत होतं. मी दोन पावलं पुढे झाले, तर आईनं माझं मनगट धरलं.

"हाक मारू नको."

"अगं, लांब जातील."

"जाऊ दे. कोण उठतंय बघू."

अंगणात मुमताज पुढ्यात बसलेल्या एका म्हातारीच्या केसांना तेल लावत होती. तिनं फाटकाकडे बघितलं. तेलाचे हात आपल्याच केसांना पुसले, फणी म्हातारीच्या हातात दिली. "धरा, आज्जी. आलेच." पायात चपला सरकवल्या आणि गेली. पळाली नाही. बाजारला निघाल्यासारखी गेली.

"आता तू जा," आई म्हणाली. "पण लांबनं. बोलू नको."

दार, बाहेरून

"कुठं निघालात, बाबा?"

"विट्याला."

"मग माझी वाट तीच हाय. येऊ का संगट?"

"या की. पण पाय उचला, मुक्कामी गाडी चुकंल."

मी मागून चालले होते. दोघांचं बोलणं मला नीट ऐकू येत होतं. मला मजा वाटत होती. एखादं हरवलेलं माणूस कसं बोलेल, ते आबा हुबेहूब वठवत होते. मुमताजची परीक्षा घ्यायची तर पुरती घ्यायची, असा त्यांचा बेत दिसत होता.

"घरी कोण असतं?"

"इंदू हाय. भाकरी करून बसली असंल. गार झाली की बोलते."

"बोलणारच की. आणि?"

"लेक हाय. शैली. चौथीला."

"हुशार हाय?"

"पाढ्यात हाय. भूगोलात बोंब."

मला हसू आलं. मी चौथीत असताना आम्ही विट्यालाच राहायचो आणि भूगोलाचंही खरं होतं. नकाशात मी एकदा कृष्णा नदी उलटी वाहवली होती आणि आबांनी ती वही वर्कशॉपमध्ये सगळ्यांना दाखवली होती. आता इतक्या वर्षांनी या नाटकातही तो टोमणा मारायला ते विसरले नव्हते.

हसल्याचा आवाज झाला म्हणून आबा वळले. मी हातानंच विचारलं, काय, पास का?

आबांनी टोपी काढली. परक्या बाईशी बोलताना ते काढायचे तशी.

"बाई, तुम्हालाबी विट्यालाच जायचंय का? मग चला आमच्यासंगट. अंधारायला लागलंय. एकट्या बाईमाणसानं ह्या उसात थांबू नये."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं काळजी होती, अदब होती. ओळख नव्हती.

मुमताजनं माझ्याकडे एकदाच बघितलं. मग म्हणाली, "हां, ह्या ताईबी तिकडच्याच. चला, तिघं जाऊ."

आम्ही चालू लागलो. आबा मध्ये. काही वेळानं ती त्यांच्या मागून माझ्या कानाशी म्हणाली, "बोला की, ताई."

"काय बोलू?"

"कायबी. विट्याचं बोला."

शेवटी मी विचारलं, "गाडीला गर्दी असते का हो?"

"असती. पण काळजी करू नका, जागा करून देतो. ड्रायव्हरच्या मागची. तिथं धक्का बसत न्हाई. आमच्या शैलीला मी तिथंच बसवतो. खिडकी असती, पण हात बाहेर काढायचा न्हाई, असं सांगून ठेवलंय."

"ऐकते का ती?"

"न्हाई," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मी उसाकडे बघायला लागले.

दार, मागचं

रस्ता पाटाशी वळला. पाटाच्या कडेनं पायवाट, मग एक विहीर, मग पेरूची चार झाडं. मुमताज एकदाही म्हणाली नाही, मागं फिरा. एकदाही म्हणाली नाही, तुमचं विटा इथं नाही. पेरूच्या झाडांपलीकडे एक छोटं फाटक होतं. ते लोटलं की स्वयंपाकघराचा मागचा ओटा, त्यावर पातेली पालथी घातलेली.

"गाडीला येळ हाय. चा घेऊया का?" तिनं विचारलं.

"येळ हाय?"

"हाय की."

"मग घेऊ."

आबा ओट्यावर बसले. चहा आला. बशीत ओतून अर्धा प्याल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा आई दारात उभी होती, तिच्या मागे मॅडम.

"अगं, तू कवा आलीस?"

"मघाशीच," आई म्हणाली.

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मागच्या फाटकाकडे. बशी खाली ठेवली. आत कुणीतरी रेडिओ लावला होता, त्याची खरखर येत होती.

"शैले," ते म्हणाले, "आपण पुढच्या दारानं गेलो न्हवं?"

"हो, आबा."

"आन् मागनं आलो."

"हो."

ते मुमताजकडे वळले. "तू मला फिरा म्हणाली न्हाईस."

"कशाला म्हणू? फिरा म्हटलं की माणूस हट्टाला पेटतं. चालायचं असतं त्येला. चालवायचं. दमलं की चा पाजायचा."

आबा उठले. खिशातून खडू काढला. मागच्या फाटकाच्या फळीवर त्यांनी बरोबरची खूण केली, एरवीपेक्षा मोठी.

"रिव्हर्स घेतली न्हाई," ते मॅडमना म्हणाले. "वळसा घालून डेपोत आणली. असा ड्रायव्हर मला नोकरीत बघायला मिळाला न्हाई."

रिव्हर्स

मी आईला नळापाशी गाठलं. ती तोंडावर पाणी मारत होती.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासनं. एकदा स्टँडवर सापडले, उभ्या गाडीत बसलेले. एकदा गॅस तसाच सोडला. आता संध्याकाळ झाली की निघतात. घरात असून घरी जायला निघतात."

"आणि मला सांगितलंस की तुझ्याच्यानं होत नाही. तुझ्यासाठी बघायचंय."

"तुमच्यासाठी जागा बघू म्हटलं असतं तर आले असते? उंबरा ओलांडला नसता. तपासायला चला म्हटलं की कुठंबी येतात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग मी म्हटलं, तपासू दे त्यांनाच. त्यांच्यापेक्षा चांगलं कोण तपासणार? त्यांनी जिथं खडू ओढला तिथंच ठेवायचं. फसवून आणलं असंल, पण वाईट जागी तर न्हाई."

"म्हणजे त्यांना इथं ठेवून तू माझ्याकडे येणार?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं भूगोलाच्या वहीकडे बघायची.

"इथं दोन पलंगांची खोली देतात. मी विचारलंय मॅडमला."

"आई, तू धडधाकट आहेस. तू कशाला आश्रमात?"

"माझं गुडघं त्यांच्यामागं धावत न्हाईत, शैले. धावायला इथं ती पोरगी हाय. पण मध्येच जाग आली आन् त्यांनी इंदू म्हणून हाक मारली, तर ओ द्यायला गुडघं लागत न्हाईत."

"त्यांना माहीत आहे? की हे सगळं त्यांच्यासाठी…"

"न्हाई," ती घाईनं म्हणाली. "आन् तू सांगायचं न्हाई. त्यांना वाटतंय, माझंच बघतोय. तसंच वाटू दे."

चाकं

शेवटी खोली. दोन लोखंडी पलंग, मध्ये स्टूल, एक खिडकी. एक पलंग भिंतीला लागून, दुसरा खिडकीखाली. मॅडमनी दिवा लावला.

आबांनी आधी बटणं तपासली. खाटेखाली वाकून पाय हलवून बघितले. स्टुलावर उभे राहायला निघाले होते, ते आम्ही तिघींनी मिळून थांबवलं. मग चपला काढून ते भिंतीकडच्या पलंगावर आडवे झाले. घरीही ते भिंतीकडेच झोपायचे. डोळे मिटले. इतका वेळ मिटून राहिले की मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या.

उठून त्यांनी पलंगाच्या डोक्याशी बरोबरची खूण केली.

मग खिडकीखालचा पलंग. तो त्यांनी हातानं दाबला. पाय हलवले. गादी उलटून बघितली. त्याच्यावर झोपले मात्र नाहीत. उभे राहिले, खडू काढला आणि त्याच्या डोक्याशी फुली मारली.

"याला काय झालं?" मॅडमनी विचारलं. "गादी नवी आहे, आजोबा."

"गादी चांगली हाय."

"पाय हलतो का?"

"पाय पक्कं हायत."

"मग?"

आबा खडूकडे बघत म्हणाले, "ही गाडी ह्या डेपोची न्हाई. चुकून हितं लावलीय. हिला ठाण्याला पाठवा, शैलीकडं. तिथं लिफ्ट हाय."

"अहो, काय बोलताय?" आई म्हणाली. "जागा माझ्यासाठी बघतोय न्हवं आपण?"

"इंदे, मी जल्मभर गाड्या तपासल्या. ज्याला गाडी न्यायची असती तो ड्रायव्हर गाडीकडं बघतो. मेकॅनिककडं न्हाई." त्यांनी मान वर केली. "तू तीन आश्रमांत एकदाबी न्हाणीत डोकावली न्हाईस. पलंगावर बसली न्हाईस. बाकावर बसून माझ्याकडं बघत ऱ्हायलीस. येतं आन् जातं माझं, पण आलं की कळतं."

आईनं तोंडाला पदर लावला.

"मी हितं ऱ्हातो," आबा म्हणाले. "ती पोरगी चांगली हाय. पण उद्या मी तुलाच बाई म्हणीन, तुम्हाला कुठं जायचंय म्हणून इचारीन. मघाशी पोरीला इचारलं न्हवं? मला आठवत न्हाई, पण तिचं तोंड बघून कळलं. ते तू रोज कशाला ऐकायचं? जा तू तिच्याकडं."

मी काहीतरी बोलणार होते. आईनं हात वर करून मला थांबवलं. मग तोच हात आबांपुढे धरला.

"खडू द्या."

"कशाला?"

"द्या म्हणते न्हवं."

आबांच्या खाकी शर्टाच्या खिशातले खडू धुण्याआधी काढून कोनाड्यात ठेवायचं काम आयुष्यभर आईचं होतं. त्या खडूनं तिनं कधी रेघ ओढलेली मी पाहिली नव्हती. आबांनी खडू दिला. आई गुडघ्यावर हात टेकत खिडकीखालच्या पलंगाशी गेली. पदराच्या टोकानं फुली पुसली, पुसून होईना तेव्हा थुंकी लावून पुसली. मग तिथं बरोबरची खूण केली.

आबा वाकून बघायला लागले.

"उलटी काढलीस."

"असू दे."

"उलटी चालत न्हाई. आखूड टोक हिकडं पायजे."

"ही गाडी तपासली कोणी? तुम्ही का मी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं.

"तुम्ही बाई म्हणा, न्हाईतर आणि काय म्हणा," आई म्हणाली. "तुम्हाला कुठं जायचंय असं इचारलंत, तर मी म्हणीन, विट्याला. तुमच्यासंगटच जाऊ. मग काय अडचण हाय?"

आबा भिंतीकडच्या पलंगावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आई समोरच्या पलंगावर, खिडकीखाली बसली. बाहेर मुमताज त्या म्हातारीला विचारत होती, "अर्धंच तेल लावून गेले होते का मी? आणा फणी." दोघांच्या मध्ये ते स्टूल होतं आणि त्यावर कुणीतरी आणून ठेवलेला पाण्याचा तांब्या.

त्या खोलीत पुढे बरीच वर्षं दोघं राहिली. पण ते मी आता सांगत नाही. मी त्या संध्याकाळपाशीच थांबते.

"मग मार घंटी," आबा म्हणाले.

आईनं पलंगाच्या लोखंडी कडेवर बांगडी वाजवली. एकदा.

आबा तिच्याकडे बघत थांबून राहिले.

आईनं डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा वाजवली.